हनोईत कॉफीला बसताना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

तिकिटं झाली, व्हिसा आला, आता फक्त कॉफीबद्दल लिहिते. हनोईत तुमचा सगळ्यात निवांत वेळ तिथल्या कॉफीच्या दुकानांत जाणार आहे. एक कप घेऊन तासभर बसलं तरी तिथे कुणी बिल पुढे सरकवत नाही. भाषा येत नसली तरी मालकीणबाई हसून जागा दाखवतात. बाबा, तुम्ही दोन घोटांत कप रिकामा करता, ते तिथे जमायचं नाही. कॉफी तुमच्या डोळ्यांसमोर थेंबाथेंबाने तयार होते.

आधी गुडघ्यांचं बघू. फुटपाथवरची प्लास्टिकची स्टुलं वीत-दीड वीत उंच असतात. बसणं जमेल, उठताना त्रास होईल. आई, आत शिरण्याआधी तू नजर टाक. भिंतीलगत बाक किंवा पाठ टेकायची खुर्ची दिसली तरच बसा. नुसतं बोट दाखवलं तरी पुरतं. बरीच जुनी दुकानं वरच्या मजल्यावर आहेत आणि जिने अरुंद, चढे आहेत, तेव्हा खालीच जागा मागा.

मागवायला चार शब्द पुरेत. ‘डेन’ म्हणजे काळी, ‘नाउ’ म्हणजे दुधाची, ‘नाँग’ गरम आणि ‘डा’ बर्फाची. दक्षिणेत सायगावला (हो ची मिन्ह सिटी) गेलात तर दुधाच्या कॉफीला ‘नाउ’ऐवजी ‘स्युआ’ म्हणा. आई, तुझ्यासाठी ‘बाक सीउ’ उत्तम, त्यात दूध जास्त आणि कॉफी कमी.

दूध मात्र आपलं नव्हे, डब्यातलं आटवलेलं गोड दूध. फ्रेंचांच्या काळात तिथे ताजं दूध फारसं मिळायचं नाही आणि त्या उकाड्यात टिकायचंही नाही, म्हणून डबा आला आणि तीच चव रुळली. बाबा, हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. दोन टेबलस्पून म्हणजे साधारण ४० ग्रॅम दूध, आणि त्यात २० ग्रॅमच्या वर साखर. दुधाची कॉफी ‘बिनसाखरेची’ सांगून काही उपयोग नाही, साखर दुधातच असते. तुम्ही ‘डेन नाँग, खोंग डुओंग’ म्हणा, म्हणजे काळी, गरम, साखर नको. हे शेवटचे दोन शब्द विसरू नका. काळी कॉफीही पुष्कळदा, विशेषतः दक्षिणेत, आधीच साखर घालून देतात.

ही कॉफी कडक का लागते, तेही सांगते. १८५७ च्या सुमारास फ्रेंच मिशनऱ्यांनी तिथे कॉफीचं झाड नेलं. आज कॉफी पिकवण्यात व्हिएतनामचा नंबर ब्राझीलच्या मागोमाग लागतो, आणि पिकते ती बहुतेक रोबस्टा जातीची, मुख्यतः बुओन मा थुओतच्या लाल मातीच्या पठारावर. रोबस्टात कॅफीन अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळजवळ दुप्पट असतं. त्यामुळे सकाळी नाश्ता झाल्यावर एकच कप घ्या आणि दुपारी तीननंतर अजिबात नको. रिकाम्या पोटी घेतलीत तर बाबांचं पित्त उसळेल.

आता फिन, म्हणजे कपावर ठेवायची धातूची गाळणी. तिचे चार भाग: खालची भोकांची ताटली, वरचं भांडं, पुडीवर ठेवायची दाबणी आणि झाकण. माटुंग्याच्या फिल्टर कॉफीची बहीण म्हणायला हरकत नाही, फक्त इथे अर्क साठवत नाहीत, सरळ कपात पडू देतात. एका कपाला २० ग्रॅमच्या आसपास पूड लागते. ती हलकेच हलवून सपाट करायची आणि वर दाबणी ठेवायची. उकळी मोडल्यावर आधी फक्त २०-२५ मिली पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे पूड फुगते. मग आणखी ८०-९० मिली पाणी घालून झाकण लावायचं. चार ते सहा मिनिटांत सगळं खाली उतरायला हवं.

थेंब पडायचेच थांबले, तर पूड फार बारीक आहे किंवा दाबणी फार घट्ट आहे. स्क्रूची दाबणी असेल तर चमच्याने अर्धा फेरा सैल करा. हात लावू नका, धातू चांगलाच तापलेला असतो. उलट दोन मिनिटांत धार लागून संपली, तर पूड जाड किंवा कमी आहे, कॉफी पांचट लागणार. झाल्यावर झाकण टेबलावर उलटं ठेवून त्यात फिन ठेवायची, उरलेले थेंब त्यात पडतात. दुधाची असेल तर तळापासून ढवळा, नाहीतर वरचा घोट कडू आणि शेवटचा नुसता पाक.

अंड्याच्या कॉफीबद्दल लोक तुम्हाला सांगतीलच. १९४६ साली ताज्या दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला. त्यांच्या नावाचं दुकान न्गुयेन हिउ हुआन रस्त्यावर ३९ नंबरला आहे, एका अरुंद बोळातून आत जावं लागतं. सकाळी लवकर जा, दुपारी रेटारेटी असते. बलक आणि गोड दूध घट्ट फेस येईपर्यंत फेटतात आणि तो फेस कडक कॉफीवर सोडतात. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात, कारण गार झाली की अंड्याचा वास येतो. बलक पुरता शिजत नाही, म्हणून बाबा, पोट थोडंही बिघडलेलं असेल तर नको. आई, तू अंडं खात नाहीस, तेव्हा ‘ट्रुंग’ (अंडं) हा शब्द ऐकलास की नकारार्थी मान हलव आणि ‘का फे झुआ’ माग. ती नारळाच्या दुधाची, बर्फ घालून घुसळलेली असते. तुझ्या दाढेला गार सोसत नाही, तर जरा वितळू दे.

तिथलं चलन डाँग, त्याचा रुपयांत हिशेब असा. शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा. ३०,००० डाँग म्हणजे शंभर रुपयांच्या आसपास, आणि साध्या दुकानात कप त्याच घरात मिळतो. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या असतात. आई, पाच लाखांच्या वेगळ्या कप्प्यात ठेव. टिप द्यायची पद्धत नाही.

येताना एक फिन आणा, स्टीलचीच, १०० ते १२० मिलीची. पूड घेताना पाकीट बघून घ्या. लोणी किंवा सुगंध घातलेली पुष्कळ मिळते, ती नको. दाणे मिळाले तर दाणेच घ्या. दळताना आपल्या फिल्टरच्या पुडीपेक्षा थोडी जाड हवी. मिक्सरमध्ये दळू नका, निम्मी पूड बारीक होते आणि फिन तुंबते.

रस्ता ओलांडताना एका संथ चालीने चला, मध्येच थबकू नका. स्कूटरवाले वळसा घालून जातात.

तुमची,
लेक