वळणावर अडखळणारी गाडी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या एका ओळीवर आलो. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी हळू काढली की मागून कोणी धरून ठेवल्यासारखी ती अडखळते, गचके देते, आणि सरळ रस्त्याला लागली की शहाण्यासारखी चालते. दोघांनी गिअरबॉक्स गेला असं सांगितलं, म्हणून तुझ्या मनात गाडी काढून टाकायचं आहे. थोडा थांब रे. पत्राच्या शेवटी तू सहज लिहून गेलास की गेल्या महिन्यात पुढचे दोन टायर नवे टाकले. मला वाटतं, गाडीचं दुखणं त्या वाक्यात आहे.

वळताना चारही चाकं चार वेगळ्या घेरांवरून जातात. पुढची चाकं बाहेरून फिरतात, मागची आतून. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. तुझ्या गाडीसारखी इंजिनची ताकद चारही चाकांना जात असेल, तर पुढच्या आणि मागच्या शाफ्टमधला हा फरक मध्ये कुणीतरी गिळायला हवा. ऑडीने १९८० मध्ये जिनिव्हाला क्वाट्रो ही चारही चाकांना ताकद देणारी गाडी दाखवली, तेव्हा त्यासाठी मधोमध एक डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी होती आणि ती लॉक करणं, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र जखडणं, चालकाच्या हाती होतं. इतर गाड्यांत हे काम कुठे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचप्लेटी करतात, कुठे व्हिस्कस कपलिंग करतं.

व्हिस्कस कपलिंग म्हणजे एक बंद डबा. आत पातळ चकत्यांची चळत असते, एक चकती पुढच्या बाजूला जोडलेली, तिच्या शेजारची मागच्या बाजूला, आणि मधल्या फटींत दाट सिलिकॉन द्रव. दोन्ही बाजू जवळपास सारख्या फिरल्या तर चकत्या एकमेकींजवळून निवांत सरकतात. एक बाजू जोरात फिरू लागली की द्रव घुसळला जातो, तापतो, फुगतो, आणि दोन्ही बाजू एकत्र ओढल्या जातात. चिखलात एक चाक घसरलं की हेच तुला बाहेर काढतं. पण ते क्षणभराच्या कामासाठी बनवलेलं आहे. सतत तापत राहिलं तर आतला द्रव बिघडतो आणि कधीकधी कपलिंग कायमचं जखडून बसतं.

आता तुझ्या टायरांचा हिशेब कर. नव्या टायरची नक्षी जुन्यापेक्षा ३ मिलिमीटर खोल असेल, तर घेर सुमारे १९ मिलिमीटरने वाढतो. साधारण दोन मीटर घेराचं चाक एका किलोमीटरला ५०० वेळा फिरतं. म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत दर किलोमीटरला साडेनऊ मीटरचा फरक पडतो, आणि तोही सरळ रस्त्यावर. तुला काही जाणवत नाही, पण त्या मधल्या यंत्राला एक क्षण विसावा नाही. सुबारू ही जपानी कंपनी आपल्या गाड्यांसाठी चारही टायरांच्या घेरातला फरक ६ मिलिमीटरच्या आसपास ठेवायला सांगते. ६ आणि १९ शेजारी लिहून बघ, म्हणजे मी इतका का कळवळतोय ते कळेल.

मला हे फार उशिरा कळलं. माझ्या गाडीचा एक टायर बाजूने कापला गेला. बाकीचे तीन निम्मे झिजलेले होते, मी एकच नवा आणून बसवला. पुढचे काही महिने गाडी लांबच्या प्रवासाला भरपूर चालली. मग एक दिवस मागून घुंई असा आवाज यायला लागला. मी तो चाकाच्या बेअरिंगचा समजलो, बेअरिंग बदललं, आवाज तसाच. शेवटी वळणावर हेच गचके सुरू झाले आणि मधलं कपलिंग गेलेलं निघालं. टायर बसवला त्याच दिवशी कुणी टेप आणून घेर मोजायला लावला असता तर ते वाचलं असतं. म्हणून तुला इतक्या तपशिलात लिहितोय.

तू आधी असं कर. चारही टायर थंड असताना हवा सारखी भर. सपाट, टणक जमिनीवर एकेक चाक उचल, गाडी जॅकवरच न ठेवता स्टँडवर टेकव, आणि पातळ टेप नक्षीच्या बरोबर मधून फिरवून घेर मोज. टेप तिरकी गेली तर आकडा फसवा येतो, म्हणून प्रत्येक चाक तीनदा मोज. शेजारी नक्षीची खोलीही तीन ठिकाणी लिही, आत, मध्ये, बाहेर. टायर फक्त एका कडेने झिजला असेल तर अलाइनमेंटचा दोष निराळा.

फरक निघाला तर चारही टायर एकदम बदलणं सगळ्यात चांगलं. मागच्यांत अजून बरीच नक्षी उरली असेल, तर काही ठिकाणी नवा टायर तासून जुन्यांच्या मापाला आणून देतात, तेही चालतं. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढची मागे, मागची पुढे करत राहा, म्हणजे चारही एकसारखी झिजतील.

तुझी गाडी ऑटोमॅटिक आहे ना? सुबारूच्या अनेक जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत एक रिकामी फ्यूजची जागा असते. तिथे फ्यूज घातला की मागची चाकं सुटतात आणि डॅशबोर्डवर तसा दिवा लागतो. तपासणीला ही सोय फार उपयोगी आहे. दिवा लागला आणि गचके गेले, तर मागच्या चाकांना ताकद पोचवणारा क्लच सुटू शकतो, म्हणजे त्याच्यात अजून जीव आहे. दिवा लागूनही अडखळणं तसंच राहिलं, तर क्लच सुटतच नाही. तरी लगेच गिअरबॉक्स उतरवू नकोस. आधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलून काही दिवस चालव. तुझ्या गाडीत अशी जागा आहे का ते गाडीच्या पुस्तकात बघ, अंदाजाने कुठेही फ्यूज खुपसू नकोस.

मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलचं तेलही आता बदलूनच टाक, जुन्या गाडीत ते बदललेलं नसण्याची शक्यता जास्त. आणि इथे माझी एक गोष्ट गाठीला बांध : आधी तेल भरायचं बूच उघड, मगच काढायचं. मी उलट केलं होतं. खालचं बूच सुटलं, काळं तेल परातीत उतरलं, मनात समाधान. मग वरच्या बुचाला पाना लावला तर ते गंजाने इतकं धरलेलं की पाना सटकून त्याचे कोपरे गोल झाले. गाडी स्टँडवर, आत तेलाचा थेंब नाही, आणि तेल घालायला वाट नाही. आदल्या रात्री गंजात मुरणारं भेदक तेल शिंपडून ठेवायचं, आणि सोडवण्याआधी किंचित आवळायच्या दिशेला झटका द्यायचा, गंज तिथे तुटतो. एवढं केलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

खालच्या बुचावर चुंबक असेल तर ते पुसण्याआधी नीट बघ. राखाडी, लोण्यासारखा लेप असेल तर घाबरू नकोस, ती गिअरांची नेहमीची झीज. पण बोटांत घेऊन चोळल्यावर टोचणारे तुकडे, चांदीसारखे कपचे निघाले तर मला लगेच कळव, गाडी चालवू नकोस. डिफरन्शियलला सहसा ७५डब्ल्यू-९० जीएल-५ असं डब्यावर लिहिलेलं गिअर तेल लागतं. तेच तेल सगळीकडे चालेल असं मात्र धरू नकोस, त्यातली रसायनं काही गिअरबॉक्सांतल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. गाडीच्या पुस्तकात असेल तेच घाल.

खाली गेलास की चारही अॅक्सलचे, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांवरचे, रबरी बूट बोटाने दाबून घड्या उलगडून बघ. चीर घडीच्या तळात असते, वरून दिसत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले की बूट फाटला असं समज. लवकर सापडलं तर बूट आणि ग्रीसवर भागतं. वळताना टकटक सुरू झाली असेल तर आतला सांधा झिजला, मग सांधा किंवा पूर्ण शाफ्टच.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. दोन चाकं वर उचलून, दोन जमिनीवर ठेवून इंजिन चालू करून गिअर टाकायचा मोह कधी करू नकोस. साध्या गाडीत जे चालून जातं ते इथे चालत नाही, जमिनीवरची चाकं फिरली की गाडी स्टँडवरून उडी घेते आणि तू खाली असशील. फिरवून बघायचंच असेल तर चारही चाकं मजबूत स्टँडवर, आणि तेव्हा गाडीखाली कुणी नको. ओढून न्यायची वेळ आली तरी चारही चाकं वर, म्हणजे सपाट ट्रकवरच.

ही गाडी तुझ्या बाबांनी इतकी वर्षं जपली, आणि पावसात घाटातून आपल्याला कितीदा सुखरूप आणलं ते तू विसरला नसशील. मी तर नाही विसरलो. म्हणून गिअरबॉक्सवर अजून एकही पाना लावू नकोस. येत्या रविवारी टेप घेऊन बस, चार घेर आणि नक्षीच्या खोलीचे बारा आकडे कागदावर लिही आणि मला पाठव. चाकं उचलताना मी फोनवर थांबेन.

तुझा,
जुना सोबती