कौलं उतरवण्याआधी

नाशिक, दसरा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

गिरणारे गावातल्या घराची मापं आणि फोटो मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत कौलं उतरवून रंगीत पत्रा टाकायचा, तोही तू, केदारराव आणि हाताखाली दोन पोरं एवढ्यांनीच, हे मला पटलं. वेळही बरोबर धरलीस. मे महिन्यात छप्पर उघडं केलं की वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, आणि फेब्रुवारीपासून गारपिटीचा धाक असतो. पाऊस पूर्ण मागे फिरल्यावरचे दोन महिने या कामाला उत्तम.

तू पत्र्याचा रंग आणि कंपनी विचारलीस. त्यावर येतो, पण पहिलं काम पत्र्याचं नाही, छप्पर भिंतींना बांधून घेण्याचं आहे. हिशेब बघ. तुझं घर ३० × २० फूट, आढं, म्हणजे माथ्याचं लाकूड, लांबीच्या दिशेने. दोन्ही पाखी, म्हणजे दोन्हीकडचे उतार, धरून छप्पर साधारण ८५ चौरस मीटर. मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ लागतात, म्हणजे पावणेतेराशे कौलं, अडीच किलोचं एक धरलं तरी तीन टनांच्या वर वजन. तेवढ्याच जागेवर ०.५० मिमीचा पत्रा बसला की वजन चारशे किलोच्या आत. जुन्या घराचे वासे भिंतीवरच्या आडव्या लाकडावर नुसते टेकलेले असतात, कारण कौलांचं ओझंच त्यांना दाबून धरतं. ते ओझं तू काढून घेणार आहेस.

भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिलेला आहे, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या पुढे जातो. वारा पाख्यावरून जाताना वर ओढतो आणि दारं-खिडक्या उघड्या असतील तर आतूनही ढकलतो. कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ शंभर किलो किंवा त्याहून जास्त होते. त्यासमोर पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला साडेचार किलो! गावोगावी पत्र्यावर दगड आणि टायर ठेवलेले दिसतात, त्यांनी काही धरलं जात नाही. दगडाखाली ओल राहून रंग जातो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

म्हणून दर तिसरा वासा भिंतीला बांध. वासे दीड-दीड फुटावर आहेत, म्हणजे दर साडेचार फुटाला एक बांधणी. अशा एका बांधणीच्या वाट्याला भिंतीकडचं सव्वातीन-साडेतीन चौरस मीटर छप्पर येतं, सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोची ओढ. नऊ इंची विटेच्या भिंतीचा साडेचार फूट रुंद आणि तीन फूट उंच तुकडा साडेपाचशे किलोच्या आसपास भरतो. म्हणून पट्टी भिंतीलगत किमान तीन फूट खाली न्यायची, चार नेलीस तर आणखी निश्चिंत. ४० × ५ मिमीची लोखंडी पट्टी भिंतीच्या आतल्या तोंडावर एक, बाहेरच्या तोंडावर एक. खाली भिंतीतून आरपार १२ मिमीचा बोल्ट, दोन्ही तोंडांना १०० × १०० × ६ मिमीची प्लेट. वर त्याच पट्ट्या वाशातून आरपार बोल्टने आवळायच्या. तुझी भिंत मातीत बांधलेली आहे, त्यामुळे वरच्या थरात भोक पाडून फास्टनर ठोकण्याच्या भानगडीत पडू नकोस. दोन विटांसकट उपटून येईल. आढ्यापाशी समोरासमोरचे वासे पट्टीने जोड, आणि आढं दोन्ही त्रिकोणी भिंतींना याच पद्धतीने खाली बांध. ही सगळी बांधणी कौलं डोक्यावर असतानाच पुरी झाली पाहिजे.

वाशांची परीक्षा आधी. जाड पेचकस घेऊन प्रत्येक वाशाच्या भिंतीवर टेकलेल्या टोकाला आणि आढ्यापाशी टोच. पाव इंचाच्या वर सहज घुसला तर ते लाकूड गेलं. मधला भाग खणखणीत दिसतो आणि वाळवी टोकाला बसलेली असते, कारण ओल तिथे मुरते.

आता सामान. कौलांना मी नावं ठेवणार नाही. उन्हाळ्यात त्यांच्याइतका गारवा कुठलाच पत्रा देत नाही, आणि दरवर्षी शाकारणी करणारा माणूस हाताशी असता तर तीच ठेव म्हटलं असतं. तो माणूस आता मिळत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, पत्रा गंजत नाही, पावसाचा आवाजही कमी करतो, पण उन्हात तो लोखंडाच्या चार-पाच पट फुगतो. भोकं मोठी पाडावी लागतात, आधार जवळजवळ द्यावे लागतात. स्वतः पहिल्यांदा बसवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. साधा जस्ताचा पत्रा स्वस्त असतो, पण त्यावर जस्त किती हे विचारल्याशिवाय घेऊ नये. चौरस मीटरला १२० ग्रॅमवाला आणि २७५ ग्रॅमवाला पत्रा दुकानात सारखाच चमकतो.

तू घ्यायचा तो ०.५० मिमीचा, अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला रंगीत पत्रा. मुलामा चौरस मीटरला १५० ग्रॅम, बिलावर एझेड १५० असं लिहून घे. जाडी विचारताना मुलामा आणि रंग धरून की नुसतं लोखंड, हेही विचार. १४ फुटी, एक मीटर झाकणारा पत्रा १९ किलोच्या आसपास भरला पाहिजे. १६ च्या आत भरला तर तो ०.४० च्या आसपासचा आहे. दुकानात वजनकाटा असतोच, एक पत्रा ठेवून बघायला लाजू नकोस. रंग पांढरा किंवा फिकट घे. गडद निळा, विटकरी दिसायला छान, पण एप्रिलमध्ये त्याखाली बसवत नाही.

मापं अशी. घराचा अर्धा १० फूट, वळचण २ फूट, पाख्याचा उतार ३० अंश, म्हणून तिरकी लांबी १३ फूट १० इंच. १४ फुटी पत्रा एका तुकड्यात घे, म्हणजे मधे जोड येत नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या बाजूला हव्या त्या लांबीत कापून देतात. लांबीत दोन्हीकडे एकेक फूट बाहेर धरून ३२ फूट, म्हणजे पावणेदहा मीटर. एका पाख्याला १० पत्रे, एकूण २०. आधाराला ६० × ४० × २ मिमीचा चौकोनी पाईप, पाख्याला पाच ओळी: पहिली आढ्यापासून १५ सेंटिमीटरवर, शेवटची वळचणीच्या कडेपासून २५ सेंटिमीटरवर, मधे ९७-९७ सेंटिमीटर. दहा ओळींना ६ मीटरचे १८ पाईप पुरतात. पाईपची भिंत २ मिमीचीच असू दे. पातळ पाईपात स्क्रूचे आटे लवकर निसटतात. वाशांवर पाईप बसवताना एल आकाराचे तुकडे आणि १० मिमीचे बोल्ट वापर. कुठे वेल्डिंग करावंच लागलं तर ते पत्रा वर चढण्याआधी संपव, ठिणग्यांनी रंग जळतो. पाईपला रेड ऑक्साइडचे, म्हणजे गंजरोधक रंगाचे, दोन हात खालीच देऊन घे, आणि उघडी टोकं बंद कर.

स्क्रू हा या कामाचा जीव आहे, आणि लोक तिथेच पैसे वाचवतात. स्वतः भोक पाडणारा ५.५ मिमी जाडीचा, ५५ मिमी लांब, ईपीडीएम रबराचा वॉशर असलेला स्क्रू घे. तो पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नाही. आढ्याकडच्या आणि वळचणीकडच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर, मधल्या तीन ओळींत पत्र्यामागे तीन. साडेतीनशेच्या आसपास लागतात, ४०० घे. शेजारच्या दोन पत्र्यांच्या जोडावर दर अर्ध्या मीटरला छोटा शिलाईचा स्क्रू, ते १५० लागतील. वॉशर धातूच्या टोपीखालून किंचित फुगलेला दिसला की थांबायचं. तो चेपून बाहेर आला तर दोन उन्हाळ्यांत फाटतो, आणि सैल राहिला तर पहिल्याच पावसात गळतो. त्यासाठी क्लच असलेली मशीन भाड्याने आण. ठोका देणारी ड्रिल या कामाची नाही. आणि एक लक्षात ठेव, हा स्क्रू लोखंडासाठी आहे. लाकडी वाशात थेट मारलास तर बारीक आटे लाकूड कापून सैल होतात. तिथे रुंद आट्यांचा लाकडाचा स्क्रू लागतो.

कौलं उतरवताना एकच पाखं रिकामं करू नकोस. एका बाजूला दीड टन आणि दुसरीकडे काही नाही, अशाने जुना सांगाडा कलतो. आधी आढ्याचे कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं, काढायचे, मग दोन्ही पाख्यांवरून सारख्या ओळी वरून खाली उतरवत यायचं. पाच-सहा फुटांचा पट्टा एका वेळी मोकळा करायचा आणि रात्री त्यावर ताडपत्री.

पत्रा लावायला पूर्वेच्या टोकापासून सुरुवात कर आणि पश्चिमेकडे जा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. तुझं आढं पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे असं लावल्यावर प्रत्येक जोडाचं तोंड पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला राहतं. पहिल्या पत्र्याला जेवढा वेळ लागेल तेवढा दे. ६-८-१० फुटांचा त्रिकोण मांडून काटकोन तपास, वळचणीला सूत ताण. पहिला पत्रा अर्धा इंच तिरका बसला तर दहाव्यापाशी वळचणीला पायऱ्या दिसतात आणि मग काही करता येत नाही. पत्र्यावरची पारदर्शक फिल्म बसवण्याआधी सोल, उन्हात ती चिकटून बसते. कापायचं झालं तर कातरीने. ग्राइंडरने कडेचा मुलामा जळतो. रोज संध्याकाळी स्क्रूचा लोखंडी कीस मऊ झाडूने झाडून काढ. तो राहिला की दवाने एका रात्रीत तांबडे ठिपके पडतात. पत्रे अंगणात एकावर एक रचून ठेवलेस आणि मधे पाणी गेलं तर पांढरा गंज धरतो. एक टोक उंच ठेवून झाकून ठेव.

पत्रा आणि सिमेंट यांची गाठ घालू नकोस. आपल्याकडे भिंतीला पत्रा टेकला की गवंडी लगेच फटीत माल भरतो. ओल्या सिमेंटचा क्षार हाच मुलामा खातो, आणि नेमकी तीच कड गळायला लागते. शेजारच्या काकांची भिंत जिथे उंच आहे, तिथे भिंतीत एक इंच खोल खाच मारून पत्र्याची पट्टी आत घुसव आणि फट बंद करणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भर. सिलिकॉन वापरलास तर आंबट वास येणारा नको. आढ्याची टोपी दोन्हीकडे किमान नऊ इंच उतरलेली असावी, तुकड्यांचा जोड सहा इंचांचा, मधे पाणी अडवणारी चिकट ब्युटाइल टेप.

उकाड्यासाठी पाईपवर, पत्र्याच्या खाली, दोन्ही बाजूंनी चकाकणारी, हवेचे बुडबुडे असलेली बबल शीट अंथर. ती पत्र्याला चिकटली तर उपयोग शून्य, एक इंच हवा मधे राहील इतकी सैल सोड. हिवाळ्यात पहाटे स्वयंपाकघरातल्या वाफेने पत्र्याला घाम येतो आणि थेंब टपकतात, तेही तिने थांबतं. दोन्ही त्रिकोणी भिंतींत आढ्याखाली जाळी ठेव.

मागच्या पडवीवरचा जुना सिमेंटचा पत्रा मात्र वेगळ्या काळजीने काढायचा. त्यात अॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाल. आधी पाण्याने चिंब भिजवायचा, हुक कापून अख्खा उतरवायचा. फोडायचा नाही, घासायचा नाही, करवत लावायची नाही. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ दर्जाचा मास्क लागतो. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळा ठेव, आणि तुकडे रस्त्याच्या भरावात कोणाला देऊ नकोस. त्यावर पाय कधीच द्यायचा नाही. जुना पत्रा वरून घट्ट दिसतो आणि पायाखाली सरळ फुटतो.

तीस अंशांचा उतार कोरडा असला तरी पाय घसरतो, त्यात नोव्हेंबरात सकाळी दव असतं. दव वाळल्यावरच वर जा, आढ्याला अडकणारी शिडी वापरा, वर असणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर पूर्ण हार्नेस. चौदा फुटांचा पत्रा वाऱ्यात शिडासारखा ओढतो, म्हणून झुळूक सुरू झाली की चढवणं बंद. घरावरून येणारी विजेची तार महावितरणला सांगून आधी बाजूला करून घ्या. यात केदाररावांनी घाई केली तर माझं नाव सांग.

पन्हळीचं नंतर लिहितो, पन्हळ पत्र्यानंतर लावली तरी चालते. फक्त वळचणीचा पाईप सुतात ठेव, म्हणजे तिला दहा मीटरात पाच सेंटिमीटर उतार देता येईल.

या रविवारी वासे टोचून बघ आणि कोणकोणते नरम निघाले ते आकड्यांनी कळव. चारच्या वर निघाले तर लाकूड ठेवायचं की लोखंडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, करायच्या हे ठरवावं लागेल, आणि पाईपचा आकडाही बदलेल. तोपर्यंत पत्र्याला आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझे,
बाबा