पिंट्याच्या दुकानाचा हिशेब

जळगाव,
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय हिऱ्या,

काय रे भो, कसा शेस? पिंट्यानं पाठवलेला फ्रँचायझीचा करार, म्हणजे सँडविच कंपनीचं नाव आणि माल घेऊन अमळनेरला दुकान टाकायचा, वाचून काढला. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि ताईंच्या पोराची गोष्ट आहे, म्हणून सावकाश लिहितोय. रात्री दूध आटवायच्या नादात जागरण झालं, त्यामुळे अक्षराकडे बघू नकोस.

आधी एक सांगतो. करार लबाडीचा नाही. गेल्या सात-आठ वर्षांत माझ्या टेबलावर असले बरेच करार आले, त्यांत हा बरा म्हणायचा. आणि कंपनी तर आपल्याच गाडेवाल्या अण्णांच्या मुलाची. पिंट्या फोनवर म्हणत होता, "मामा, अण्णांचा सँडविच अमळनेरला आणतोय, नाही काय म्हणता?" आता या पोराला काय सांगायचं? त्यानं अण्णांचा सँडविच खाल्लेलाच नाही. त्यानं कंपनीचा खाल्लाय.

तुला तो गाडा आठवतो ना? १९९७ साल, कॉलेजच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली. लांब दांड्याचा तो चिमट्यासारखा टोस्टर, कोळशाची शेगडी, आणि अण्णांचं "बठ, व्हई जाई" (बस, होऊन जाईल). टोस्ट सँडविच ८ रुपये, चीज घातलं तर १२. त्या काळी आपल्याला पिझ्झा म्हणजे काय तेही अण्णांनीच दाखवलं. बेकरीतला जाड बेस, तव्यावर उलटं पातेलं झाकून शेकलेला, वर कांदा-ढोबळी मिरची आणि अमूलचा किस. इटलीतला माणूस रडला असता. आपण मात्र वडिलांनी पाठवलेली मनीऑर्डर तिथंच उडवायचो.

पण खरी गंमत चटणीत होती. शेंगदाणे भाजून, लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची. काकू घरी सकाळी पाट्यावर वाटायच्या आणि ती संध्याकाळपर्यंत टिकायची नाही. जळगावच्या मे महिन्यात तर दुपारी चारलाच अण्णा डबा उलटा करून दाखवायचे: "सरली. आता साधा खा." मिरची जास्त तिखट निघाली त्या दिवशी दाणे जास्त पडायचे. टोमॅटो पाणचट असला तर अण्णा त्याच्या चकत्या आधी मीठ लावून निथळत ठेवायचे. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि थंडीतला भरीत टोस्ट! बामणोदची पांढुरकी-हिरवी मोठी वांगी, तुरीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेली, कांद्याची पात घातलेली. चंपाषष्ठीनंतर दीड-दोन महिने तो मिळायचा. तू एकदा चार खाल्लेस आणि परीक्षेला बसला नाहीस, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता कंपनीच्या मेनूत भरीत टोस्ट नाही. मी अण्णांच्या मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, बारा महिने मिळेल तेच मेनूत ठेवता येतं. आणि चाळीस दुकानांत चाळीस चवीचं भरीत व्हायला लागलं तर ब्रँड राहतो का?" मुलगा हुशार आहे आणि त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. अनोळखी गावात अनोळखी पोराच्या हातून ठरलेलीच चव मिळावी, यासाठीच तर लोक फ्रँचायझीला पैसे देतात. तिथं अण्णांचा हात हा धोकाच.

मागच्या महिन्यात भुसावळला एका अशिलाकडे गेलो होतो. त्यानं हीच फ्रँचायझी घेतलीय, स्टेशनच्या रस्त्याला. सज्जन माणूस. मी टोस्ट मागवला. ब्रेड गोडसर, सात दिवस टिकणारा. चटणी पाउचमधली, हिरवीगार आणि आंबट. ती नाशिकला बनते आणि खराब होऊ नये म्हणून तिच्यात आंबटपणा वाढवावाच लागतो. दाण्याचा पत्ता नाही. पिझ्झ्याचे बेसही तिथूनच येतात, अर्धे भाजून गोठवलेले, आठवड्यातून दोनदा गाडीनं. उन्हाळ्यात लाइट गेली की फ्रीजर बसतो, बेस नरम पडतो, लाइट आली की पुन्हा गोठतो, आणि मग भट्टीतून निघतो तो चपलेचा तळवा. भुसावळच्या उन्हाळ्याचं तुला मी काय सांगू? नाशिकला बसून ज्यानं वेळापत्रक आखलं, त्यानं भुसावळचा मे बहुतेक पाहिलेला नाही.

मालक मला हळूच म्हणाला, "साहेब, रेल्वेची माणसं तिखट मागतात. मी घरचा ठेचा ठेवला होता काउंटरवर. तपासणीवाला आला, फोटो काढला, नोटीस आली." आणि खरंच त्यानं मला ती नोटीस दाखवली! 'अमान्य घटक.' खान्देशात ठेचा अमान्य. मी हसलो, तो हसला नाही.

पण हिऱ्या, मला तुला चवीपेक्षा चीजबद्दल सांगायचंय. चव गेली की लोक म्हणतात मालक बदलला, लोभी झाला. मी हिशेब तपासणारा माणूस. मला कागदावर काय दिसतं ते बघ. पिंट्यासाठी मी अंदाज मांडला, भुसावळच्या आकड्यांवरून.

समज, महिन्याची विक्री ३ लाख. माल ४० टक्के, म्हणजे १,२०,०००, आणि तो कंपनीकडूनच घ्यायचा. भाडं २५,०००. तीन पोरांचे पगार ३६,०००. लाइट १८,०००. गॅस आणि पॅकिंग १५,०००. तिसरा हिस्सा ऑर्डर मोबाइलवरून येतात, त्यांचं कमिशन धर २५,०००. आता रॉयल्टी, म्हणजे नाव वापरायचा कंपनीचा वाटा, ६ टक्के आणि जाहिरातीचे २ टक्के, मिळून २४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४,३२०. हा जीएसटी परत मिळत नाही बरं का, कारण हॉटेलवाला ५ टक्क्यांत बसला की त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, नाही. हे पिंट्याला कुणीच सांगितलं नव्हतं. सगळं वजा जाता उरतात ३२,६८०. त्यातून दहा लाखांच्या कर्जाचा हप्ता, पाच वर्षांचा, साधारण २१,७००. हातात अकरा हजार. त्यात पिंट्याची स्वतःची मजुरी.

यात कळीचा मुद्दा एकच. रॉयल्टी विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. 'एकावर एक फ्री' ठेवलं की विक्री वाढते, कंपनीला तिचा वाटा मिळतो, दुकानदाराचा गल्ला मात्र तसाच राहतो किंवा आत जातो. कंपनीला गर्दी हवी, दुकानदाराला उरलेले पैसे हवेत.

मग दुकानदार काय कापणार? भाडं कापता येत नाही. रॉयल्टी नाही, हप्ता नाही, लाइट नाही. पिझ्झ्यावर ८० ग्रॅम चीज पडायला हवं, ते ६० पडलं तर कुणाला कळतं? ४५० रुपये किलोनं २० ग्रॅमचे ९ रुपये. दिवसाला ५० पिझ्झे धर. महिन्याला साडेतेरा हजार वाचले. हातात उरणाऱ्या अकरा हजारांपेक्षा जास्त! एकदा हे गणित दिसलं की चांगल्यातला चांगला माणूसही किसणीवर हात आखडता घेतो. पुढची पायरी म्हणजे बाजारातलं ॲनालॉग, म्हणजे नकली चीज, पाम तेल घालून केलेलं, वितळतं छान, ताणही येतो, चव मेणाची. भुसावळच्या त्या मालकानं अजून तिथवर मजल मारलेली नाही. किती दिवस, ते मी त्याला विचारलं नाही.

म्हणून चीज कुठं गेलं असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, हप्त्यात गेलं.

तुझ्या तिकडच्या, अमेरिकेतल्या गावाशेजारचीच गोष्ट घे ना. मी आलो होतो तेव्हा तू गाडीतून इप्सिलँटी दाखवलं होतंस. १९६० साली तिथं मोनॅहन भावांनी डॉमिनिक्स नावाचं पिझ्झ्याचं दुकान घेतलं. एका भावानं आपला अर्धा हिस्सा जुन्या फोक्सवॅगन गाडीच्या बदल्यात सोडला. (आपल्या गावातल्या भाऊबंदकीतही इतका वाईट सौदा ऐकला नाही.) १९६५ ला नाव झालं डॉमिनोज, १९६७ ला पहिली फ्रँचायझी. पुढं जगभर पसरले. आणि २००९ च्या अखेरीस त्याच कंपनीनं स्वतःच्या जाहिरातीत गिऱ्हाइकांची टीका दाखवली, की तुमचा बेस पुठ्ठ्यासारखा लागतो. मग बेस, सॉस, चीज, सगळं बदललं. मला ती गोष्ट आवडते, कारण तिच्यात साखळीचा गुणही दिसतो. वरच्यानं मनावर घेतलं तर हजारो दुकानं एकदम सुधारतात. अण्णांच्या एका गाड्याला ते कधी जमलं नसतं. पण वरच्यानं खावं लागतं. अण्णांचा मुलगा डाएटवर आहे.

माझ्या धंद्यातली एक मजा सांगू का? आयर्लंडमध्ये सबवे या सँडविच-साखळीच्या एका फ्रँचायझीवाल्यानं कर वाचवायला कोर्टात दावा केला, की आमच्या सँडविचचा ब्रेड मूलभूत अन्न आहे, त्याला कर नको. २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, करापुरता हा ब्रेडच नव्हे. कायद्यात साखर मैद्याच्या २ टक्क्यांपर्यंत चालते, यांच्यात १०! मी हे वाचून ऑफिसात मोठ्यानं हसलो. भुसावळचा तो गोडसर ब्रेड मला तेव्हाच आठवला. नफ्यातोट्याच्या पलीकडे, निदान कुणीतरी मोजून सांगितलं.

अण्णांच्या काळातलं सगळं सोन्याचं होतं असंही नाही. त्यांची बादली एकच, तिच्यातच प्लेटा बुडवायच्या. तुला झालेली कावीळ कुठली, यावर आपलं अजून एकमत नाही. कंपनीच्या दुकानात पोरं टोप्या घालतात, पाणी फिल्टरचं, बायका-मुली निवांत बसतात. आमच्या वेळी एक मुलगी त्या गाड्यावर उभी राहायची नाही, हे खोटं आहे का? माझी लेक मैत्रिणींबरोबर तिथंच जाते आणि मला बरं वाटतं.

पण मग तू मला ॲन आर्बरला ज्या दुकानात नेलंस ते आठव. झिंगरमन्स. बाहेर रांग, आत खोके-बरण्या, सँडविचची किंमत ऐकून मी रुपयांत गुणाकार केला आणि तू म्हणालास, गुणाकार करायचा नाही. १९८२ पासूनचं दुकान. त्यांनी गावोगाव त्याच दुकानाच्या नकला काढल्या नाहीत. त्याऐवजी ॲन आर्बरच्या आसपासच वेगळे धंदे काढले, बेकरी वेगळी, चीजचा कारखाना वेगळा, कॉफीचा वेगळा, आणि प्रत्येकात एक भागीदार स्वतः राबणारा. मी शाकाहारी, मला तिथलं चीज-टोस्टच मिळालं, पण ब्रेड त्यांच्याच बेकरीचा होता, आणि तो चावल्यावर मला लिंबाखालची शेगडी आठवली. तेव्हा तुला बोललो नाही.

आता पिंट्याचं. 'नको' म्हणालो तर पोरगं रुसेल, ताई माझ्याशी बोलणार नाहीत. म्हणून मी त्याला रविवारी अमळनेरहून बोलावून घेतलं आणि थेट अण्णांकडे नेलं. अण्णा आता ७४ चे. गुडघे गेलेत, ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. पिंट्यानं पायाला हात लावला, म्हणाला, "अण्णा, तुमची फ्रँचायझी घेतोय." अण्णांनी विचारलं, "तुले वाटता येस का चटणी?" पिंट्या म्हणाला, "वाटायला लागत नाही, पाउच येतो." अण्णा काही बोलले नाहीत. काकूंनी आतून विचारलं, पोरगं जेवणार आहे का.

परतताना बसस्टँडपर्यंत पोरगं गप्प होतं. मग म्हणालं, "मामा, दहाऐवजी तीन लाखांत काय होईल?" मी म्हटलं, एक गाळा, एक गॅसचा टोस्टर, एक फ्रीज, आणि तुझ्या आईच्या हातची चटणी. नाव तुझं. रॉयल्टी शून्य. चाललं नाही तर तीन लाखच बुडतील. त्यानं वहीत लिहून घेतलं, 'हो' म्हणाला नाही. कंपनीकडे भरलेले ५१,००० टोकनचे परत मिळतात का, हे बघायला कराराचं अकरावं कलम मी पुन्हा वाचतोय. साठ दिवसांत नाकारलं तर अर्धे मिळतात असं दिसतं. बेचाळीस दिवस झालेत.

तू फोन करशील तेव्हा त्याला उपदेश करू नकोस. फक्त एवढं विचार, की रोज संध्याकाळी दुकानात स्वतः उभा राहणार आहे का. बाकीचं मी बघतो. आणि तू त्याला द्यायचे ठरवलेले सात लाख पाठवायची घाई करू नकोस, बँकेला मी थांबवलंय.

डिसेंबरात येतोयस ना? चंपाषष्ठीच्या पुढं-मागं तिकीट बघ. वांगी मी बामणोदहून आणून ठेवतो, काड्या आसोद्याच्या मामांकडून येतील. अण्णांच्या घरी तो चिमट्याचा टोस्टर माळ्यावर आहे, काकूंनी दाखवला. एका बाजूची कडी तुटलीय, ती जोडून घेतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बापू

ता. क. येताना त्या दुकानातलं चीज आणू नकोस. मागच्या वेळी कस्टमवाल्यानं उघडून वास घेतला होता, आठवतं ना?