परराष्ट्रमंत्री साहेब, विजेचा करार झाला, गोरखा भरतीचे काय?

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

स.न.वि.वि.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा निवृत्त हवालदार. गाव खानापूर तालुक्यात, जिल्हा बेळगाव. नेपाळशी चाललेल्या बोलण्यांबद्दल इतक्या दुरून पत्र का, असे कोणालाही वाटेल. पण 1922 पासून मराठा पलटणीचे प्रशिक्षण सेंटर बेळगावात आहे आणि आमच्या भावकीत फौजी नाही असे घर नाही. पलटणीत शेजारी कोण उभा असतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

कुपवाड्यात आमच्या पोस्टशेजारी गोरखा पलटणीची पोस्ट होती. एका हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली. मी नुकताच सुटीवरून आलो होतो, ट्रंकेत बेळगावचा कुंदा होता. नेपाळातल्या पोखऱ्याकडच्या एका गोरख्याने त्याच्या आईने वाळवून दिलेले गुंद्रुक काढले. त्या आंबट पाल्याचे कढण आणि वर बोटभर कुंदा, असे आम्ही दोघे जेवलो. आजही आम्ही दसऱ्याला एकमेकांना फोन करतो. त्यांच्याकडे तो दशैं.

गेल्या दसऱ्याला तो फार बोलला नाही. त्याचा थोरला लेक भारतीय सैन्यात जायचे म्हणून रोज पहाटे डोंगर चढायचा. कोविडमध्ये भरती थांबली. नंतर जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलांना कायम ठेवणार. या अटी भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्या 1947 च्या त्रिपक्षीय करारात बसत नाहीत, असे नेपाळने सांगितले आणि तिथली भरती बंद पडली. बघता बघता पोराचे वय उलटले. आता तो दोह्यात आहे.

साहेब, दोन्ही देशांचे बोलणे अडलेले नाही, हे मी बघतो. 2019 मध्ये बिहारमधल्या मोतिहारीहून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत तेलाची पाइपलाइन गेली. जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांत 10,000 मेगावॅट वीज घेण्याचा करार झाला, त्यावर सह्या आपल्याच उपस्थितीत झाल्या. एकमेकांच्या लष्करप्रमुखांना मानद जनरल करण्याची 1950 पासूनची रीतही चालू आहे. हे सगळे मला मनापासून आवडते. पण 1815 पासून जो माणूस डोंगर उतरून पलटणीत येत होता, त्याची वाट बंद आहे. कारगिलच्या लढाईत खालुबारवर कॅप्टन मनोजकुमार पांडे यांच्या मागे जी पलटण चढली, ती 11 गोरखा रायफल्सची पहिली बटालियन होती. तेलाला वाट आहे, विजेला आहे, मग या माणसाला का नसावी?

नेपाळची काळजी मला खोटी वाटत नाही. बंदूक शिकलेला चोविशी-पंचविशीतला मुलगा घरी परतला तर पुढे काय, ही चिंता आमच्या गावातल्या आयांनाही आहे. 2023 च्या सुरुवातीला सेंटरमध्ये गेलेल्या अग्निपथच्या पहिल्या तुकडीत आमचीही पोरे होती.

आणि वरच्यांचे बोलणे तुटले की कोणाला झळ बसते, हे सीमाभागाला कोणी शिकवायला नको. डिसेंबर 2022 मध्ये दोन राज्यांचा वाद पेटला तेव्हा महाराष्ट्राची एसटी कर्नाटकात यायची थांबली. माझ्या बहिणीला कोल्हापूरला दवाखान्यात न्यायचे होते. वडाप बदलत बदलत कसेबसे पोहोचलो.

म्हणून विनंती. पुढच्या बैठकीत संरक्षणाचा विषय निघेल तेव्हा गोरखा भरती चहापानापुरती न ठेवता कागदावर घ्या. 1947 च्या कराराला धरून नेपाळी जवानांसाठी वेगळ्या अटी करता येतात का, ते संरक्षण मंत्रालयाला विचारा. पोखरा, धरान आणि काठमांडूत आपली पेन्शनची कार्यालये आहेत. परतलेल्या जवानाच्या पुढच्या नोकरीची नोंद आणि पाठपुरावा तिथूनच का होऊ नये?

माझ्या मित्राचा धाकटा यंदा अठराचा झाला. त्याला पहाटे डोंगर चढायला लाव म्हणून सांगू की नको, एवढे कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार
ता. खानापूर, जि. बेळगाव