माप बसवूनही घ्या

महोदय,

शाळा उघडायला जेमतेम महिना उरला आहे. दादरपासून मुलुंड-कांदिवलीपर्यंत गणवेशाच्या दुकानांत झुंबड उडू लागली आहे आणि प्रत्येक काउंटरवर तेच वाक्य ऐकू येते : ‘सरळ उभा राहा, हात खाली सोड.’ व्हीलचेअरवरून आलेल्या मुलाला मात्र तसे कुणी म्हणत नाही. टेप गळ्यात अडकवलेला माणूस त्याच्या डोक्यावरून आईला विचारतो, ‘ह्याला कितवा नंबर लागतो?’ आई अंदाजाने काहीतरी सांगते आणि उभ्या मुलासाठी बेतलेली पँट पिशवीत पडते. आमच्यापैकी काही जणी शिवणकाम शिकवतात, काही जणी व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) करतात, दोघी स्वतः व्हीलचेअर वापरतात. आमचे सांगणे एवढेच आहे : जो दिवसभर बसून असतो त्याचे माप बसवून घ्या, आणि बोला ते त्याच्याशीच.

उभ्या मापाची पँट बसलेल्या माणसाला घातली की मागची कंबर खाली ओढली जाते आणि पाठ उघडी पडते. पुढे पोटाशी कापडाचा बोळा होतो, बटण रुतते. बॉटम पोटरीपर्यंत वर चढते. आसनाची जाड शिलाई नेमकी बुडाखाली येते. मुलगा दर दहा मिनिटांनी शर्ट ओढत बसतो आणि वर्गात त्याला चुळबुळ्या म्हणतात.

आपल्या शिवणकामात पँट-पायजम्याच्या कंबरेपासून बैठकीपर्यंतच्या मापाला ‘आसन’ म्हणतात. खुर्चीवर बसवून, टेप सोडून ते घेण्याची रीतही जुनीच आहे. बाकीची मापे तशीच बसवून घ्यायची, इतकेच. मुलगा त्याच्या रोजच्या खुर्चीत असावा, तळवे टेकलेले, गुडघे काटकोनात. कंबरेचा घेर बसूनच मोजावा. तो उभ्यापेक्षा दोन ते पाच सेंटिमीटर जास्त भरतो. मागची उंची कंबरेपासून बैठकीपर्यंत आणि पुढची कंबरेपासून मांडीच्या घडीपर्यंत वेगवेगळी लिहावी. लांबी मोजताना टेप कमरेच्या बाजूने मांडीवर, तिथून वाकलेल्या गुडघ्यावरून घोट्यापर्यंत न्यावा. बेतताना प्रौढांसाठी मागची कंबर साधारण ६ ते ८ सेंटिमीटर वर आणि पुढची ४ ते ५ सेंटिमीटर खाली घ्यावी लागते. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी याच्या निम्मे पुरते. लांबीत ४ सेंटिमीटर वाढवावेत. लघवीसाठी बाटली किंवा नळी वापरणाऱ्यांची चेन नेहमीपेक्षा ५ सेंटिमीटर खालपर्यंत न्यावी, म्हणजे पँट न उतरवता काम होते.

तयार पँटही सुधारता येते. मागचे खिसे उसवून काढा. त्याच कापडाची मध्यभागी ५ सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींकडे निमुळती होत जाणारी पट्टी मागच्या कंबरेला जोडा. वर नेफा करून फक्त मागच्या भागात इलास्टिक घाला. वापरलेल्या पँटचा खिसा काढला की खालचे कापड गडद दिसते, म्हणून हा बदल पँट नवी असतानाच करावा.

मागचे खिसे काढायचे ते शोभेसाठी नव्हे. स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळणे) असलेल्यांना किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्यांना कंबरेखाली संवेदना कमी असते किंवा नसतेच. आपल्याला काही टोचले की आपण नकळत सरकून बसतो. त्यांना टोचल्याचे कळतच नाही. खिशाचे बटण, जीन्सचे रिव्हेट, चारपदरी दाबटीप, अगदी कापडाची चुणीसुद्धा बैठकीच्या हाडांखाली किंवा माकडहाडाशी तासन्‌तास दाबून राहिली की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि जखम होते. ती भरायला महिने लागतात. मुंबईच्या दमट हवेत घामाने कातडी आधीच ओली असते, त्यामुळे ती आणखी लवकर सोलवटते. म्हणून कापड शक्यतो सुती किंवा सुतीमिश्रित आणि थोडे ताणणारे निवडावे. नवा कपडा पहिल्यांदा एक तासच घालावा, मग काढून कातडी पाहावी. दाब काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही, तर तो कपडा पुन्हा घालू नये, आधी शिवण बदलावी. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. सावळ्या कातडीवर ती जागा गरम किंवा टणक लागते का, हे हाताने पाहावे लागते.

आता बटणांकडे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणे), पक्षाघात, कंपवात यांत छोटे बटण काजात घालणे सर्वांत अवघड पडते. वेल्क्रो हा सोपा उपाय, पण तो लावताना हमखास तीन चुका होतात. पहिली चूक, पुढच्या पट्टीला वरपासून खालपर्यंत अखंड वेल्क्रो लावणे. त्याने पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ होते आणि एक टोक तिरके चिकटले की सगळा शर्ट वाकडा. २० मिलिमीटर रुंदीच्या वेल्क्रोचे अडीच सेंटिमीटरचे तुकडे बटणांच्या जागी लावावेत. दुसरी चूक बाजूची. काटेरी बाजू खालच्या पट्टीवर, अंगापासून बाहेर तोंड करून हवी, आणि मऊ बाजू वरच्या पट्टीच्या आतून. म्हणजे शर्ट उघडा राहिला तरी अंगाला मऊ बाजूच लागते. तिसरी चूक, मागे गोंद असलेला वेल्क्रो घेणे. गोंद सुईला चिकटतो, टाके सुटतात. भुलेश्वरला मीटरवर मिळतो तो शिवायचा वेल्क्रो घ्यावा, कोपरे गोल कापावेत आणि १६ नंबरच्या सुईने चारही बाजूंनी टीप मारावी. धुताना तो बंद ठेवावा, नाहीतर काट्यांत धागे अडकून महिन्याभरात पकड जाते. अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने निघतात. गरम इस्त्री त्यावरून फिरवू नये.

काढलेली बटणे फेकू नका. वरच्या पट्टीवरची काजे शिवून बंद करा आणि त्यावरच ती शिवा. बाहेरून शर्ट अगदी वर्गातल्या इतरांसारखा दिसतो. मुलांना याचे फार असते आणि ते असणे रास्त आहे. मात्र स्वमग्न मुलांपैकी काहींना वेल्क्रोचा ‘चर्र’ आवाज सहन होत नाही. त्यांना ढिले, मोठे बटण आणि थोडे मोठे काज चालते. त्यांच्या कॉलरमागचा टॅग कापू नये, टाके उसवून मुळापासून काढावा. कापलेल्या टॅगची उरलेली कडा जास्त टोचते.

चुंबकाची बटणे हल्ली लोकप्रिय होत आहेत. प्रौढांना ती उपयोगी पडतात, पण पेसमेकर असलेल्यांनी छातीवर ती लावू नयेत; चुंबक पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब हवा. मेंदूतले पाणी काढण्यासाठी बसवलेल्या काही शंटची मांडणीही चुंबकाने बदलते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. लहान मुलांच्या कपड्यांना तर चुंबक मुळीच नको. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन पदरांमधून एकमेकांना खेचून भोक पाडतात.

कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्या-सळ्यांचा साचा) घालणाऱ्या मुलांच्या पँटला बाहेरच्या शिवणीत खालून गुडघ्याच्या वरपर्यंत चेन लावावी आणि चेनीमागे कापडाची पट्टी ठेवावी, म्हणजे दाते कातडीला घासत नाहीत. कॅलिपरचा सांधा गुडघ्यापाशी कापड आतून खातो. तिथे आधीच जाड कापडाचे ठिगळ आतून लावले तर पँट वर्षभर टिकते. चेनीच्या टोकाला बोट जाईल एवढी कडी अडकवली की दुबळ्या पकडीलाही ती ओढता येते.

जून म्हटला की पाऊस आलाच. व्हीलचेअरवर बसून हाताने चाके फिरवणाऱ्याला छत्री धरता येत नाही आणि नेहमीचा रेनकोट मांडीवर पाण्याचे तळे करतो. त्याला पुढे लांब, मागे आखूड असा पोंचो लागतो : पुढून गुडघ्यांवरून पावलांपर्यंत, मागून फक्त बैठकीपर्यंत, आणि बाजूंनी चाकाच्या कड्याच्या वरच संपणारा. बाजूचे टोक चाकात गेले की माणूस पुढे फेकला जातो. पुढच्या टोकाला दोन इलास्टिकचे फास लावून ते खुर्चीच्या पायटेकूला (पाय ठेवायच्या पट्टीला) अडकवावेत, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. रेनकोटचे कापड शिवताना टाका ४ मिलिमीटरचा ठेवावा. बारीक टाक्यांनी ते टपाल तिकिटासारखे फाटते. टाक्यांच्या भोकांतून पाणी येतेच, म्हणून आतून शिवणीवर टेप चिकटवावी. परळजवळच्या सखल हिंदमाता भागात पाणी साचले की चालणाऱ्याचे पाय भिजतात. बसलेल्याची गादी भिजते आणि मग तो दिवसभर ओल्यातच बसतो.

मोठ्यांच्या बाबतीत आम्हाला वेगळीच खंत आहे. घरातल्या बाईला पक्षाघात झाला की आठवड्याभरात तिच्या साड्या कपाटात जातात आणि ती कायमची मॅक्सीत येते. सोय कुणाची, हे कुणी विचारत नाही. काळजी घेणाऱ्यांचे कष्ट आम्ही रोज पाहतो, त्यांना बोल लावायचा नाही. पण जी बाई चाळीस वर्षे चापूनचोपून साडी नेसली, तिला पाहुण्यांसमोर मॅक्सीत बसवताना एकदा तिला विचारा तरी. साडी न कापताही हे जमते. निऱ्या घालून कंबरेपाशी धावदोऱ्याने पक्क्या कराव्यात, परकराची नाडी काढून इलास्टिक घालावे, पदर खांद्यावर बसवून टिचबटणाने अडकवावा. बधिर अंगाशी सेफ्टी पिन वापरू नये; उघडी पिन टोचलेली कळत नाही. पदराचे टोक बैठकीच्या खाली लोंबू देऊ नये, ते चाकात जाते. ब्लाउज पुढून उघडणारा आणि मुंढा (बाही जोडायची जागा) २ सेंटिमीटर मोठा असावा. घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा, काढताना तो शेवटी सोडवावा. क्रम उलटा झाला की खांदा खेचला जातो आणि पक्षाघातानंतरचे खांद्याचे दुखणे इथूनच वाढते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हा गणले गेलेले प्रकार कमी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या याच कायद्याच्या कलम १६ नुसार प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी बदल करून देणे शाळांवर बंधनकारक आहे. कलम ४३ तर दिव्यांगांनाही वापरता येतील अशा नित्याच्या वस्तूंच्या निर्मितीला व वितरणाला चालना देण्याचे काम सरकारवर सोपवते. कपड्याइतकी नित्याची वस्तू दुसरी कोणती? तरीही वेल्क्रोच्या बुटांवरून किंवा इलास्टिकच्या पँटवरून मुलांना प्रार्थनेच्या वेळी रांगेबाहेर काढले जाते, आणि शाळेने नेमून दिलेले दुकान ‘हे आमच्या पॅटर्नमध्ये बसत नाही’ म्हणते. मुख्याध्यापकांना विनंती आहे की गणवेशाच्या परिपत्रकात एक ओळ घालावी : रंग व कापड तेच ठेवून बटणे, चेन, लांबी व पादत्राणे विद्यार्थ्याच्या गरजेनुसार बदलता येतील, त्यासाठी दाखला लागणार नाही. दाखल्याची अट घातली की पालक हेलपाटे टाळून मुलाला आहे तेच घालतात.

गणवेशाच्या उत्पादकांनी मागच्या कंबरेला आणि बॉटमला ५ सेंटिमीटर कापड आत दुमडून ठेवावे. गल्लीतला शिंपी मग हवा तो बदल तासाभरात करून देईल. आयटीआयमध्ये आणि खासगी शिवणवर्गांत बसून माप घेण्याचा एक तरी पाठ, प्रत्यक्ष व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला मानधन देऊन, ठेवावा. दुकानांत एक तरी ट्रायल रूम अशी हवी की खुर्ची आत वळेल. त्याला दीड मीटर मोकळी जागा आणि ९० सेंटिमीटरचे दार लागते. आत खुर्चीच्या उंचीचे बाकडे आणि बसून हात पोहोचेल असा हूक हवा. ही खोली बहुतेक ठिकाणी खोक्यांचे गोदाम झालेली असते. शाळा उघडेपर्यंत निदान ती खोकी तरी बाहेर निघावीत. आणि टेप हातात घेतलेल्या माणसाने खुर्चीला हात लावण्याआधी विचारावे, स्टुलावर बसून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे आणि नंबर त्यालाच विचारावा. बोलायला वेळ लागत असेल तर थांबावे. रंग आवडला का, हेही त्यालाच विचारावे.

– शिवणकाम व व्यवसायोपचार क्षेत्रांतील काही जणी, परळ, मुंबई