जीपीएसला नुसता पत्ता देऊन निघू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की गाडीने लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते, आणि परत आल्यावर ‘जीपीएसने भलत्याच रस्त्याला नेऊन घातले’ ही तक्रारही ठरलेली असते. अशा बहुतेक वेळी यंत्र बिघडलेले नसते. आपण त्याला शेवटचा पत्ता दिलेला असतो, मार्ग दिलेलाच नसतो, आणि मधली सगळी जागा ते स्वतःच्या हिशेबाने भरून काढते. हा हिशेब कसा चालतो आणि आपल्याला हवा तोच रस्ता यंत्राकडून कसा धरवून घ्यायचा, याबद्दल सोबतच्या पुस्तिकेत फारसे काही नसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

यंत्रातल्या नकाशात प्रत्येक रस्त्याचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्याची लांबी, रस्त्याचा दर्जा आणि त्या दर्जाला धरलेला वेग एवढेच त्याला ठाऊक असते. ‘वेगवान मार्ग’ निवडला की लांबीला वेगाने भागून ते मिनिटांची बेरीज करते आणि सर्वांत लहान बेरीज उचलते. समजा, हमरस्त्याने 12 किलोमीटर आहेत आणि वेग ताशी 60 धरला आहे, तर झाली 12 मिनिटे. बाजूच्या आडरस्त्याने 9 किलोमीटर आहेत आणि नकाशात त्याचा वेग 50 नोंदला आहे, तर 10 मिनिटे 48 सेकंद. यंत्र 72 सेकंद वाचवण्यासाठी गाडी बिनदिक्कत आडरस्त्याला घालते. तो रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा असला, तिथे 30 च्या वर वेग जात नसला, तर तेवढ्याच अंतराला 18 मिनिटे लागतात. नकाशात त्या रस्त्याचा दर्जा चुकला, एवढीच यातली चूक. ‘जवळचा मार्ग’ हा पर्याय याहून वाईट, कारण तिथे वेगाचा विचारच नसतो. मीटर वाचतात म्हणून भर वस्तीतल्या बोळातूनही वाट निघते. लांबच्या प्रवासाला तो पर्याय वापरूच नये.

मार्ग आखण्याआधी सेटिंगमधली ‘टाळा’ ही यादी एकदा उघडून पाहावी. टोल, महामार्ग, कच्चे रस्ते, फेरीबोट, यू-टर्न असे पर्याय तिथे असतात. मागच्या प्रवासात केलेली खूण तशीच राहते आणि पुढच्या प्रवासाचा घोळ करते. ‘महामार्ग टाळा’ चालू राहिले असेल तर दिवसभराचा प्रवास दीड दिवसावर जातो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. उलटही होते. ‘कच्चे रस्ते टाळा’ चालू असते आणि मुक्कामाच्या ठिकाणाचा शेवटचा एक किलोमीटर कच्चाच असतो. मग यंत्र मोठा वळसा घालते किंवा मार्ग निघत नाही म्हणून सांगते. फेरीबोटीबाबत जरा सावध राहावे. बोट सुटण्याची वेळ आणि रांगेतली ताटकळ यंत्राच्या हिशेबात धरलेली असेलच असे नाही, त्यामुळे पाण्यावरून जाणारी वाट कागदावर हमखास जवळची दिसते. वेळापत्रक स्वतः पाहिले नसेल तर फेरीबोट टाळावी.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला ज्या रस्त्याने जायचे आहे तो यंत्राला कळावा, यासाठी मधले बिंदू द्यावे लागतात. बहुतेक यंत्रांत ‘ट्रिप प्लॅनर’ नावाचा भाग असतो. तिथे सुरुवात, शेवट आणि मधली ठिकाणे क्रमाने भरता येतात. बिंदू दोन प्रकारचे असतात. जिथे आपण थांबणार तो व्हाया पॉइंट, तिथे पोहोचल्यावर यंत्र तसे सांगते. दुसरा शेपिंग पॉइंट. तो फक्त रस्ता ओढून आणण्यापुरता असतो आणि त्याच्यावरून जाताना यंत्र काही बोलत नाही. ज्या यंत्रांत दुसरा प्रकार नाही, तिथे सगळेच बिंदू थांबे म्हणून गणले जातात आणि दर वेळी ‘पोहोचलात’ ऐकावे लागते. त्याला इलाज नाही.

बिंदू कुठे द्यायचा, यात सगळे कौशल्य आहे. गावाचे नाव टाइप करून गाव निवडले की बिंदू गावाच्या मध्यभागी पडतो, आणि बाह्यवळण सोडून यंत्र गाडी बाजारपेठेत आणते. चौकावरही बिंदू देऊ नये. तिथे चार रस्ते एकत्र येतात आणि त्यातला कोणता आपला, हे कळत नाही. जिथे दोन रस्ते फुटतात तिथून एक-दोन किलोमीटर पुढे, आपल्याला हव्या असलेल्या रस्त्यावर, दोन फाट्यांच्या मधल्या मोकळ्या तुकड्यावर बिंदू ठेवावा. पर्याय निर्माण होतो तिथेच एक बिंदू पुरतो. सरळ शंभर किलोमीटर दुसरी वाटच नसेल तर मध्ये एकही नको.

दुभाजक असलेल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त गडबड होते. पडद्यावर नकाशा लहान असतो तेव्हा जाणारा आणि येणारा असे दोन्ही रस्ते मिळून एकच जाड रेघ दिसते. तिच्यावर बोट टेकवले की खूण पलीकडच्या बाजूला पडते, नाहीतर शेजारच्या सर्व्हिस रोडवर. यंत्राच्या दृष्टीने ते वेगळे रस्ते आहेत. मग ते सांगते की पुढच्या फाट्याला बाहेर पडा, पुलाखालून वळा, उलटे या, बिंदूला स्पर्श करा आणि पुन्हा वळून पुढे चला. दहा-पंधरा किलोमीटरचा हा हेलपाटा वीस मीटर सरकलेल्या खुणेपायी पडतो. म्हणून नकाशा इतका मोठा करावा की दोन्ही बाजूंच्या रेषा सुट्या दिसतील, आणि मग आपल्या दिशेच्या रेषेवर खूण ठेवावी. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकावर एक येतात, तिथे तर बिंदू देणे टाळावेच.

मार्ग तयार झाला की तो तपासल्याशिवाय निघू नये. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. संपूर्ण रेषेवरून सावकाश नजर फिरवावी. बिंदू चुकीचा पडला असेल तिथे रेषेला बाजूला एक बारीक काटा फुटलेला दिसतो, कारण मार्ग आत जाऊन त्याच वाटेने परत येतो. तो काटा दिसला की त्या जागी नकाशा मोठा करून खूण सरकवावी. मग वळणांची यादी वाचावी, तिच्यात यू-टर्न आला तर तिथे नक्की काहीतरी चुकले आहे. शेवटी एकूण किलोमीटर पाहावेत. कागदी नकाशावरून किंवा फलकांवरून काढलेल्या अंतरापेक्षा आकडा बराच फुगलेला असेल तर एखादी खूण अजून नजरेतून सुटली आहे.

संगणकावर मार्ग आखून यंत्रात घालणाऱ्यांची एक वेगळी फसगत होते. मार्ग ज्या फाइलमधून यंत्रात जातो त्या जीपीएक्स फाइलमध्ये तीन प्रकारची माहिती असू शकते: सुटे बिंदू, रूट आणि ट्रॅक. रूटमध्ये प्रामुख्याने क्रमाने लावलेले बिंदू असतात. गाडीतले यंत्र त्यांना जोडणारा रस्ता बहुधा स्वतःच्या नकाशावर, स्वतःच्या सेटिंगप्रमाणे नव्याने काढते. संगणकावर टोल चालणार होता आणि यंत्रात ‘टोल टाळा’ असेल, किंवा दोन्हीकडच्या नकाशांच्या आवृत्त्या वेगळ्या असतील, तर पडद्यावर पाहिलेला मार्ग आणि गाडीत ऐकू येणारा मार्ग वेगळे होतात. ट्रॅक म्हणजे जवळजवळच्या असंख्य ठिपक्यांची रेघ. ती बदलत नाही, पण गाडीसाठीची कित्येक यंत्रे ती नुसती दाखवतात, वळणे बोलून सांगत नाहीत. तेव्हा दोन्हीकडची सेटिंग एकसारखी करून रूटच पाठवावा आणि यंत्रात पुन्हा एकदा वरची तपासणी करावी. आणखी एक, फाइल यंत्रात उतरली म्हणजे मार्ग ट्रिप प्लॅनरमध्ये आला असे धरू नये. अनेक यंत्रांत तो तिथून वेगळा आयात करावा लागतो. हे भल्या पहाटे गाडी सुरू करताना कळण्यापेक्षा आदल्या रात्री कळलेले बरे.

पोहोचण्याची जी वेळ दिसते तिच्यात चहा, जेवण, इंधन काहीच धरलेले नसते. ट्रिप प्लॅनरमध्ये प्रत्येक थांब्यावर किती मिनिटे घालवणार ते भरण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. दर दोन तासांनी 15 मिनिटे विश्रांती आणि जेवणाला 45 मिनिटे धरली, तर आठ तासांच्या ड्रायव्हिंगचा प्रवास दहाच्या आसपास जातो. घाट किंवा अनोळखी अरुंद रस्ता अंधारात येणार की उजेडात, हे या दोन तासांवर ठरते. इंधनाचे थांबे टाकी पाव उरलेली असतानाच येतील असे ठेवावेत, कारण नकाशावरचा पंप बंद पडलेला असू शकतो.

वाटेत रस्ता बंद असला आणि मधला एखादा बिंदू गाळून पुढे जावे लागले, तर यंत्र तो विसरत नाही. कितीही किलोमीटर पुढे गेलात तरी ते मागे वळायला सांगत राहते. अनेक जण इथेच वैतागून मार्ग रद्द करतात आणि सगळी आखणी वाया घालवतात. तो बिंदू वगळून पुढचा घेण्याची सोय असते. तिचे बटण कुठल्या पानावर आहे ते घरी शोधून ठेवावे, आणि प्रवासात ते दाबण्याचे काम शेजारी बसलेल्याचे. चालवणाऱ्याने गाडी उभी केल्याशिवाय पडद्याला हात लावू नये, मग वळण चुकले तरी चालेल. काही यंत्रांत बिंदूंच्या संख्येलाही मर्यादा असते, म्हणून चार दिवसांचा प्रवास एकाच मार्गात न कोंबता रोजचा मार्ग वेगळा साठवावा. कुठल्या दिवशी काही बदलले तरी बाकीचे दिवस शाबूत राहतात.

निघतानाची पाच मिनिटेही महत्त्वाची. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात आणि उंचीसह जागा निश्चित करायला निदान चार उपग्रहांचे संकेत लागतात. प्रत्येक उपग्रह आपल्या नेमक्या कक्षेची माहिती 30 सेकंदांच्या फेऱ्यांत पाठवत असतो, आणि सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. यंत्र कित्येक महिने बंद असेल तर ही माहिती शिळी झालेली असते. तशात इमारतींमधून गाडी हलवली की संकेत तुटतो आणि अर्धवट आलेला भाग पुन्हा घ्यावा लागतो. उघड्या आभाळाखाली गाडी थांबवून यंत्राला जागा सापडू द्यावी, मगच निघावे. काही जुनी यंत्रे तारीख भलतीच दाखवतात. जीपीएसमधली आठवड्यांची मोजणी दर 1024 आठवड्यांनी शून्यावर येते आणि ती एप्रिल 2019 मध्ये आली होती. अशा यंत्राचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्यावे. नकाशाही प्रवासाच्या आठवडाभर आधी बदलावा, आदल्या रात्री नको. फाइल काही जीबीची असते आणि मध्येच केबल निघाली तर हाती काहीच उरत नाही.

आता आपल्या वृत्तपत्राला एक मनापासून विनंती. पर्यटनाच्या पानांवर ठिकाणांची माहिती येते, पण अक्षांश-रेखांश क्वचितच असतात, आणि असतात तेव्हा ते कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत हे कळत नाही. 18.50 अंश म्हणजे 18 अंश 30 मिनिटे. कुणी ते 18 अंश 50 मिनिटे असे भरले तर 20 मिनिटांची चूक होते. अक्षांशाचे एक मिनिट सुमारे 1.85 किलोमीटरचे असते, म्हणजे वाचक ठिकाणापासून 37 किलोमीटर दूर जाऊन उभा राहतो. तेव्हा आकडे नेहमी दशांश अंशांत छापावेत, आधी अक्षांश मग रेखांश, आणि दशांश चिन्हापुढे पाच आकडे. तीन आकड्यांना शंभरेक मीटरची ढिलाई राहते, पाच आकड्यांनी ती मीटरभरावर येते. आणि हे आकडे डोंगरमाथ्याचे किंवा धबधब्याचे न देता जिथे गाडी उभी करता येते त्या जागेचे द्यावेत. धबधब्याचे दिले तर यंत्र नकाशातला त्याला सर्वांत जवळचा रस्ता शोधते, आणि तो पुष्कळदा दरीच्या पलीकडचा असतो.

आपला,
एक नियमित वाचक