उद्यमनगरातल्या टर्नर मामांना, पद्मिनीवाल्यांकडून

मामा, सप्रेम नमस्कार.

पत्र बंद पाकिटात न घालता उघड लिहितोय, कारण तुमच्या लेथसमोर उभं राहून जे कानावर पडलं त्याचा उपयोग आमच्यापुरता नाही. ज्याच्या दारात ड्रम ब्रेकची जुनी गाडी आहे आणि ज्याने पुढे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायला बाजारातून कॅलिपर-डिस्कचा जोड आधीच आणून ठेवलाय, त्या प्रत्येकाला तो होईल. जोड आधी आणायचा आणि मग विचार करायचा, ही चूक बहुतेकांची होते. आमचीही झालीच.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. "कॅलिपर धरायला ब्रॅकेट करून द्या" म्हटल्यावर तुम्ही हातातलं टूल खाली ठेवलंत आणि विचारलंत, "व्हील सिलिंडरचा बोअर किती? कॅलिपरच्या पिस्टनचा किती? मास्टरचा?" यातलं एकही माप कुणाकडे नव्हतं. "मग ब्रॅकेट कशाचं करू?" एवढं बोलून तुम्ही दुसऱ्याचा जॉब चकमध्ये पकडलात.

हे तीन बोअर, म्हणजे व्यास (ड्रममध्ये लायनर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचा, डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनचा आणि पेडलने ढकलल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरचा) का लागतात, ते इथे लिहून ठेवतो. ड्रममधला पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो आणि पायाचा जोर वाढवतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नसते. साध्या दोन लायनरच्या ड्रममध्ये सिलिंडरच्या जोराच्या दोन ते अडीच पट घर्षण मिळतं, तर डिस्कमध्ये पॅडच्या दोन्ही बाजू धरूनही पाऊण पटीच्या आसपास. त्यात पॅडची पकड ड्रमपेक्षा आतल्या त्रिज्येवर. म्हणून पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण साडेतीन पट लागतं. एक इंची म्हणजे २५.४ मिमीच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ ५०७ चौ. मिमी, ४८ मिमीच्या पिस्टनचं १,८१०. हिशेब जमतो. पण मोटरसायकलचा दिसायला देखणा कॅलिपर आणला, तर त्याच्या चिमुकल्या पिस्टनांवर गाडी थांबत नाही, पेडल कितीही दाबा.

इटलीत फियाटने १९६६ मध्ये ११०० आर काढली तेव्हाच पुढे डिस्क दिली होती. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये १९६४ पासून ११०० डिलाइट निघत होती, तिलाच १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं, आणि आपल्या नेहमीच्या पद्मिनीला ड्रमच राहिले. सपाटीवर ते पुरतात. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मात्र ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली-खाली जात राहतं. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडच्या दिशेनेच सरकते. पावसाचं पाणी ती दोन फेऱ्यांत झटकते, ड्रम ते आत धरून बसतो.

आता ब्रॅकेट. लोक याला पत्र्याचा तुकडा समजतात. तुम्ही खडूने फरशीवर केलेला हिशेब पुन्हा मांडतो: जोरात ब्रेक मारला की लाइनमध्ये ६० बार दाब धरा. ४८ मिमीच्या पिस्टनमागे तो ११०० किलोच्या आसपास जोर होतो, आणि पॅडचं घर्षण ०.४ धरलं तर दोन्ही पॅडचं मिळून कॅलिपर चाकाबरोबर फिरायला बघतो तो जवळजवळ ९०० किलोच्या रेट्याने. तो सगळा रेटा त्या दोन बोल्टांवर. म्हणूनच १२ मिमीची प्लेट, गॅसने कापलेली कड मिलिंगवर साफ केलेली, भोकं ड्रिलवर न सोडता रीमर फिरवलेली. बोल्ट एम १०, ८.८ ग्रेडचे, आणि भोकात बोल्टचा गुळगुळीत दांडा बसेल इतके लांब. आटे भोकात आले की तिथूनच बोल्ट तुटतो. आवळायचा जोर ४५ ते ५० न्यूटन-मीटर. मध्ये अंतर भरायला वॉशरची चळत नाही, लेथवर फेस मारलेली एकसंध बुशी. आणि चाक ज्यावर फिरतं त्या स्टब अ‍ॅक्सलला वेल्डिंगचा एक टाकाही नाही. तापवलेल्या फोर्जिंगचा भरवसा कुणी द्यायचा?

बॅकप्लेट, म्हणजे ड्रमचे लायनर धरणारी मागची तबकडी, ज्या मूळ भोकांवर होती त्याच भोकांवर ब्रॅकेट बसवण्याचा तुमचा हट्ट आणखी एका कारणाने बरा ठरला. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात लागते. नटबोल्टने चढवलेलं काम त्याच पान्यांनी उतरवता येतं. बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं हे आहेच; पण कापाकापी केली की परतीची वाट बंद.

पुठ्ठ्याचा नमुना कापून आधी कॅलिपर सुतळीने बांधून पाहायला लावलंत, तेव्हा हसू आलं होतं. त्याच पुठ्ठ्याने तीन गोष्टी दाखवल्या. कॅलिपरचा मध्य आणि डिस्कचा मध्य यांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक नको. डिस्कची कड आणि कॅलिपरचा पूल यांत २-३ मिमी मोकळे हवेत, पण पॅड डिस्कच्या बाहेर डोकावायला नको. नाहीतर पॅडच्या न घासलेल्या भागाची कंगोरी उरते आणि ती डिस्कच्या कडेवर अडते. तिसरी गोष्ट कुणाच्याच डोक्यात नसते: रिमच्या आतल्या बाजूला मारलेली बॅलन्सिंगची शिशाची वजनं. कॅलिपर आणि रिम यांत जागा पुरेशी दिसते, वजन मारल्यावर ती खटखट लागतात. मारुती ८०० चा कॅलिपर मुळात १२ इंची रिममध्ये मावणारा, पद्मिनीच्या १४ इंचीत त्याला ऐसपैस जागा. तरी मोजायचंच.

डायल गेजची (सुईने बारीक हेलकावा मोजणाऱ्या मापकाची) ती दुपार तर विसरण्यासारखी नाही. डिस्क हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) चढवली, कडेपासून १० मिमी आत सुई टेकवली आणि हाताने सावकाश फिरवली. सुई ०.२५ मिमी हलली. सगळ्यांनी डिस्कला दोष दिला. तुम्ही डिस्क काढलीत, हबच्या फेसवरून बोट फिरवलंत आणि एका स्टडच्या (चाकाचा नट बसतो त्या बोल्टाच्या) मुळाशी गंजाचा पापुद्रा दाखवलात, नखाएवढा. तो खरवडून, बेअरिंगचा खेळ पुन्हा बसवून, नट आडवे-तिडवे आवळून परत सुई लावली: ०.०६. मर्यादा ०.१ ची. पाव मिमी नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण ८० च्या वेगात पेडल पायाखाली थरथरतं आणि माणूस नवी डिस्क विकत आणायला धावतो. डिस्कचा मधला बोअर हबपेक्षा मोठा होता तिथे तुम्ही बसवलेली रिंगही तितकीच महत्त्वाची; डिस्क रिंगवर मध्यात बसते, स्टडवर लोंबत नाही.

डिस्क हब आणि चाक यांच्यामध्ये बसत असेल तर तिच्या जाडीइतकं चाक बाहेर येतं आणि स्टड तेवढाच आखूड पडतो. तुमचा नियम सोपा: स्टड जितका जाड तितक्या लांबीचे आटे नटात गेलेच पाहिजेत. १२ मिमीचा १.२५ पिचचा स्टड असेल तर नट साडेनऊ-दहा फेरे फिरला पाहिजे. सहा फेऱ्यांत आवळला तर स्टड बदला, देवाचं नाव घेऊ नका.

पुढचं काम तुमच्या लेथवरचं नव्हतं, पण इशारे तुमचेच. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल करून हवा काढायचा निपल खाली आला, तर हवा वर अडकून राहते. बाटलीभर ऑइल ओतलं तरी पेडल स्पंजासारखंच. निपल नेहमी वरच्या टोकाला. ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते, साधारण ०.७ बारची. ती पुढच्या लाइनमध्ये राहिली तर पॅड सुटत नाहीत. चाक जाम वाटलं की उचलून निपल सैल करायचा: ऑइल चिरकांडी मारून चाक मोकळं झालं तर दोष झडपेचा किंवा आतून सुजलेल्या होजचा (रबरी नळीचा), आणि तरीही जामच असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना किंवा पिस्टन अडकलाय. हे दोन मिनिटांचं काम न करता पॅड घासून पातळ करणारे मेकॅनिक खूप भेटतात.

पाऊण इंची मास्टर काढून सात-अष्टमांश इंची लावला तर पेडलचा प्रवास २७ टक्के कमी होतो आणि तेवढ्याच दाबासाठी पाय ३६ टक्के जास्त रेटावा लागतो. खाली जाणारं पेडल वर आलं म्हणून लोक खूश होतात आणि घाटात पोटऱ्या भरून आल्या की पायाला जोर देणारा बूस्टर शोधतात. पेट्रोल इंजिनाला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळतो, मधे एकेरी झडप घालून बूस्टर चालतो; डिझेलच्या पद्मिनीला, १३७-डी ला, वेगळा व्हॅक्यूम पंप लागेल.

ऑइलच्या टाकीबद्दल तुम्ही नुसतं "लहान आहे" म्हणालात. हिशेब केल्यावर अर्थ कळला. ड्रममध्ये लायनर झिजले की आपण अ‍ॅडजस्टर फिरवतो, टाकीतली पातळी फारशी उतरत नाही. कॅलिपर मात्र झिजलेली जागा ऑइलने भरतो. दोन्ही पॅड ८-८ मिमी झिजले तर ४८ मिमीचा पिस्टन १६ मिमी बाहेर येतो, म्हणजे एका चाकाला २९ मिलि, दोन्हींना ५८. एवढं टाकीत नसेल तर हवा आत जाणार. टाकी मोठी बसवली, डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलं, दर दोन वर्षांनी बदलायचं. आपल्या पावसाळी हवेत ते पाणी शोषतं, आणि उकळण्याचा बिंदू किमान २३० अंशांवरून १५५ पर्यंत खाली येऊ शकतो.

मागे ड्रम तसेच ठेवले, मात्र ओल्या रिकाम्या मैदानात ३० च्या वेगाने ब्रेक मारून बाहेरून कुणीतरी बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, ही तुमची अट. आधी पुढची चाकं लॉक झाली तर ठीक. मागची आधी झाली तर गाडी गर्रकन फिरते. मग मागच्या लाइनला दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह किंवा मागे लहान बोअरचे सिलिंडर.

होज पूर्ण डावं-उजवं स्टिअरिंग आणि दोन्हींत टेकलेलं-लटकतं चाक, अशा चारही अवस्थांत ताणला जात नाही ना ते पाहिलं. नवे पॅड ५० वरून २० वर, गाडी पूर्ण न थांबवता, दहा वेळा दाबून बसवले.

उतरवलेले ड्रम, बॅकप्लेट आणि सिलिंडर ग्रीस लावून पोत्यात बांधून ठेवलेत, डावं-उजवं लिहून. दुसऱ्या पद्मिनीचं काम शनिवारी आणतो. या वेळी तिन्ही बोअर मोजून चिठ्ठीवर लिहिलेत, हब आणि स्टब सोबत आहेत, पुठ्ठाही कापलाय. कॅलिपर अजून विकत घेतलेला नाही.

आपले,
पद्मिनीवाले